मासे द्यावेत किंवा सही परत द्यावी

कीर्तन ऐकून माणूस सुधारतो, यावर माझा लहानपणापासून विश्वास आहे. पण सुधारलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे कोणी कीर्तनकार सांगत नाही. ते मला सांगावं लागतंय.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. सोळाव्या वर्षी घातली, तेव्हापासून मी अंड्याच्या आकाराचा बटाटासुद्धा दोनदा निरखून खातो. आणि सरकारदरबारी माझ्या नावावर हजार मासे आहेत. रोहू, कटला आणि मृगळ. ही तीन नावं मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हती. आता झोपेत विचारलीत तरी सांगेन.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे दोन कोसांवर. मी नोकरीला भातसानगरला, धरणाच्या ऑफिसात आवक-जावक कारकून. मुंबईला पाणी पाठवणाऱ्या मंडळींची पत्रं ज्याच्या टेबलावरून जातात, तो मी. आणि आमच्या गावाला चैत्रात टँकर येतो. यावर पाहुणेमंडळी जे विनोद करतात ते मी सत्तावीस वर्षं ऐकतोय. नवीन असेल तरच सांगावा.

आमचा हरिनाम सप्ताह रामनवमीला बसतो आणि हनुमान जयंतीला उठतो. नेमके टँकरचे दिवस. दोन हजार तीन सालच्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांच्या आंघोळीला दीड बादली पाणी निघालं, आणि त्या संध्याकाळी महाराजांनी वैराग्यावर निरूपण केलं. गावाने माना डोलावल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण महाराज उतरले होते आमच्याकडे. मी सरिताला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, म्हटलं, "खालच्या खाचरात एक तळं खणू. बेताचंच. सप्ताहापुरतं पाणी राहिलं की झालं."

माझ्या आयुष्यातली सगळी संकटं 'बेताचंच' या शब्दापासून सुरू झालेली आहेत.

त्या सुमारास शेती, मासे, जंगल आणि अन्नतपासणी या चार कामांसाठी एकाच छपराखाली चार टेबलं मांडलेलं एक सरकारी केंद्र आमच्या भागात निघालं होतं. पुढे तीनेक वर्षांत ते बंद पडलं, त्यामुळे नाव सांगून उपयोग नाही. शेतीच्या टेबलावर मी तळ्याचा अर्ज दिला. तिथले गृहस्थ म्हणाले, "यंदाची तळी संपली." तळी संपतात कशी, हे मी विचारलं नाही. सरकारी नोकर असल्यामुळे मला ते समजतं.

बाहेर आलो तर आमचा शेजारी नामा टेम्पोला टेकून उभा. नामाला सगळ्या योजना पाठ असतात. तोही माळकरी आहे, फक्त त्याची माळ बुधवारी आणि रविवारी खुंटीला असते.

"ज्ञानूभाऊ, शेजारच्या टेबलावर जा ना," तो म्हणाला. "माशांच्या योजनेत तळी शिल्लक हायत. मी त्यातनंच घेतलं."

"अरे, मी माळकरी. मासे कुठे घेऊ?"

"मासे कोन देतंय? ते कागदावर असतात. कागदाला कदी वास आलाय काय?"

मी त्या टेबलावर गेलो. तिथल्या कारकुनाने दोन ठिकाणी सह्या घेतल्या. पहिली तळ्यासाठी. दुसरी एका ओळीखाली, तिथे लिहिलं होतं: मत्स्यबीज मिळाले. मी थबकलो. कारकून म्हणाला, "करा हो. चौतीस तळी दिली, चौतीस सह्या झाल्या, अजून शिंगटीएवढा मासासुद्धा कोणाच्या घरी गेला नाही." मी डोळे मिटून सही केली. डोळे मिटून केल्यामुळे ती नेहमीपेक्षा चांगली आली.

तळं खणलं गेलं. ते किती खोल असावं यावर गावात आठ दिवस चर्चा झाली. चर्चेत भाग घेणाऱ्यांपैकी एकाच्याही शेतात तळं नव्हतं, त्यामुळे मतं अगदी मोकळेपणाने मांडली गेली. खणताना कोपऱ्यात जिवंत झरा लागला, पाऊस झाला, तळं काठोकाठ भरलं. मी रोज बांधावर उभा राहून महाराजांना टमरेलाऐवजी घंगाळाने आंघोळ करताना डोळ्यांपुढे आणत असे.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. मला महाराजांच्या आंघोळीची काळजी होती ती होतीच, पण पुढच्या सप्ताहाला मी आणखी एका कारणासाठी जीव टाकत होतो. पहिल्या पहराची वीणा. सप्ताहाचे सातही दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात आहे त्याने उभं राहायचं, आणि नामाशिवाय अक्षर काढायचं नाही. पहिला पहर म्हणजे मान. बावीस वर्षं तो मान काळूरामबाबांचा होता. बाबा आमच्या भजनी मंडळाचे मुख्य, वय एक्याऐंशी. त्या वर्षी गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "फुडच्या टायमाला पयला पहर ज्ञान्याचा. त्याच्या मागं नामा." मुलीच्या लग्नातसुद्धा मी इतका गहिवरलो नव्हतो. हे सरिताच्या लक्षात आलं आहे आणि ती ते अधूनमधून बोलून दाखवते.

श्रावणात मुरबाडला महाराजांचं कीर्तन होतं. नामाच्या टेम्पोतून आम्ही दहा-बाराजण गेलो. विषय सत्याचा. महाराज रंगात आले, टाळकऱ्यांना हाताने थांबवलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "वर गेल्यावर देव तुमचं तोंड बघणार नाही. तोंडं सगळ्यांची सारखीच पडलेली असतात. देव तुमच्या सह्या बघणार आहे."

मंडप हसला. सगळ्यात मोठ्याने नामा हसला. मला मात्र मांडवाच्या खांबावर, महाराजांच्या उपरण्यावर, जिकडे बघावं तिकडे ती ओळ दिसायला लागली. मत्स्यबीज मिळाले. परतताना सगळे चहाला उतरले, मी टेम्पोतच बसून राहिलो. तीन दिवस मला घास गेला नाही. चौथ्या दिवशी मी पत्र लिहिलं.

आवक-जावक कारकून पत्र लिहितो तेव्हा ते पत्र असतं. विषय, संदर्भ, सोबतची कागदपत्रं, तीन प्रती. विषयाच्या जागी मी लिहिलं, 'मिळालेल्या परंतु न मिळालेल्या मत्स्यबीजाबाबत'. आणि शेवटी, 'तरी कृपया मासे द्यावेत किंवा सही परत द्यावी, ही विनंती.' इतकं नीट पत्र त्या केंद्रात आधी आलंच नसावं, त्यामुळे ते दाबायचं कसं हे तिथे कोणाला सुचलं नाही. एक प्रत वर गेली. वरून विचारणा खाली आली.

माझी अटकळ होती की सही परत मिळेल.

भाद्रपदात एका सकाळी दारात जीप थांबली. आतून विशीतली एक मुलगी उतरली, चिखलाच्या बुटांसकट. "ज्ञानेश्वर काका तुम्हीच का? मासे मागणारे?"

ओसरीवर दोन शेजारी बसले होते. मी हळूच म्हणालो, "तसं नाही..."

"मी समीक्षा. माशांच्या टेबलावर नवीन अधिकारी. चार महिने झाले रुजू होऊन. अनुदान किती, हे सगळे विचारतात काका. मासे कधी, असं विचारणारे तुम्ही पहिले." बोलता बोलता तिचा आवाज जरा ओला झाला. "तुमचं पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय."

"मॅडम, सही परत मिळाली असती तरी..."

"सही परत द्यायची सोय नाहीये काका. मासे द्यायची आहे. पाचशे मंजूर होते, मी हजार आणलेत."

पाण्याने आणि हवेने टम्म फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या जीपमधून उतरल्या. आत बोटाच्या पेराएवढे जीव वळवळत होते. ती पोर गुडघाभर पाण्यात उतरली, पिशव्या तळ्यात नुसत्या ठेवल्या, पाण्याची ऊब सारखी झाल्यावर एकेकीचं तोंड अलगद सोडलं, बाळाला पाळण्यात ठेवतात तसं. मग म्हणाली, "रोज ठरलेल्या वेळी कोंडा आणि पेंड घाला. वेळ चुकवू नका." एवढ्या मायेने सांगितल्यावर नाही म्हणायला मी काही दगड नव्हतो. पंचाईत तिथेच झाली.

सरिता बांधावर उभी होती. "अहो, तळं पाण्यासाठी खणलं ना?"

"पाण्यातच आहेत ते," मी म्हणालो.

"यापुढे कीर्तनाला जाल तर मला विचारून जा. विषय काय हाय ते आदी कळू दे."

प्रकरण माझ्यापुरतं राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण वरच्यांनी माझं धरून पस्तीसही तळी तपासायला काढली, आणि सगळ्यांना खरेखुरे मासे वाटले. ज्या माणसांनी केवळ कागदावर मत्स्यव्यवसाय करून सुखात दिवस काढले होते त्यांना रोज कोंडा टाकायची पाळी आली. शहापूर-मुरबाड पट्ट्यात जिथे जिथे तळं होतं, तिथे तिथे मला एसटीतून उतरणं अवघड झालं.

नामाचे मासे दिवाळीपर्यंत संपले. बगळ्यांनी खाल्ले, असं त्याने केंद्रात लिहून दिलं. ते पत्र माशांच्या टेबलावरून जंगलाच्या टेबलावर सरकलं, आणि एक वनरक्षक दुर्बीण घेऊन दोन दिवस नामाच्या बांधावर बगळे मोजत बसला. दोन निघाले. पाचशे मासे खाल्ल्यासारखी त्यांची प्रकृती दिसत नाही, असा शेरा त्याने मारला. डोंगराकडच्या वाडीतला जैतू आमच्याकडे लावणीला येतो. ओढ्यात हात घालून मासा कोणता ते सांगणारा माणूस. तो म्हणाला, "बगळ्यांनी आलं-लसूण पन वाटलं व्हतं भाऊ. बांधापर्यंत वास."

मलाही एक टेबल बाकी होतं. माशांच्या तळ्यातलं पाणी प्रसादाच्या भांड्यांना चालेल का, ही शंका सरिताने काढली, म्हणून मी अन्नतपासणीच्या टेबलावर बाटलीभर पाणी दिलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं: 'नमुन्यात मासा आढळला नाही. सबब मत देता येत नाही.'

मासे मात्र वाढत होते. माझा रिवाज असा, की पहाटे उठून आंघोळ करायची, टाळ घेऊन घटकाभर नाम घ्यायचं आणि सातची एसटी पकडायची. आता कोंड्याची वेळ त्यातच आली. म्हणून मी टाळ घेऊन बांधावर जाऊ लागलो. पहिले काही दिवस नाम झाल्यावर मी कोंडा टाकत असे आणि मग मासे येत. पौषात माझ्या लक्षात आलं, की टाळ वाजला की कोंड्याआधीच पाणी हलायला लागतं. माघात तर मी पिशवीतून टाळ काढताना नुसता किणकिण आवाज झाला तरी तळ्याचा कोपरा माशांनी काळा व्हायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही. भजनी मंडळात आधीच काही लोक माझ्या आवाजाला नावं ठेवत होते. मला ऐकायला कोण येतं, हे त्यांना कळायला नको होतं.

फाल्गुनात काळूरामबाबांनी बोलावणं धाडलं. बाबा देवळाच्या पायरीवर बसले होते. शेजारी नामा. त्या दिवशी रविवार असूनही माळ गळ्यात.

"ज्ञान्या, तुज्या तळ्यात काय हाय?"

"पाणी, बाबा."

"आनि?"

"जीव आहेत थोडे."

"थोडे म्हंजे?"

"हजार."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "माळकऱ्याच्या दारात मासं. लोक मला इचारतात, इकायला हायत का खायला. मी काय सांगू?"

"सांगा, सहीसाठी आहेत."

नामा खोकला. बाबा म्हणाले, "मला सही-बिही कळत नाय. रामनवमीच्या आदी तळं मोकळं कर. नाय तर वीणा नामाच्या गळ्यात जाईल."

दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गावाला माझ्या परमार्थाची काळजी लागली. जो भेटेल तो आवाज खाली आणून म्हणे, "दोन बादल्या आमच्याकडं पाठव भाऊ, तेवढंच तुजं वझं कमी." शाळेतले गुरुजी सहानुभूती दाखवायला आले ते पिशवी घेऊनच आले. शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या, "इकून टाक आनि त्याची देवाला समई घे." त्या समईपुढे बसून मी डोळे कसे मिटणार होतो, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्या धर्मरक्षणासाठी गावात किती मसाला वाटला जात होता, याचा अंदाज मला गावातल्या गिरणीवाल्याकडून आला.

शेवटी मला युक्ती सुचली. मासे धरणात सोडायचे. एवढा मोठा जलाशय, त्यात हजार जिवांना कोण विचारतं? समीक्षा मॅडम म्हणाल्या, "चालेल काका, पण धरणाच्या ऑफिसची परवानगी आणा."

धरणाचं ऑफिस म्हणजे माझंच ऑफिस. मी उड्या मारत घरी आलो, अर्ज लिहिला आणि किन्हवलीच्या पोस्टात टाकला. हातोहात दिला असता तर घरचा अर्ज म्हणून बोभाटा झाला असता. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर आला. मी त्यावर आवक शिक्का मारला, क्रमांक घातला आणि नियमाप्रमाणे सोबतची कागदपत्रं तपासली. बाहेरचा जीव जलाशयात सोडायचा तर तो निरोगी असल्याचा दाखला जोडावा लागतो. अर्जदाराने तो जोडला नव्हता.

मी बराच वेळ त्या अर्जाकडे बघत बसलो. समोरच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "अहो, सरकवा पुढे. कोण बघतंय?" पण मुरबाडच्या कीर्तनापासून 'कोण बघतंय' या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मी लाल शाईने लिहिलं, 'सोबत माशांच्या आरोग्याचा दाखला नाही. त्रुटी पूर्ण करून अर्ज फेरसादर करावा.' खाली सही केली आणि अर्ज जावकला टाकला. जावकलाही मीच असल्यामुळे तो त्याच दिवशी निघाला.

पोस्टमनने तो सरिताच्या हातात दिला. संध्याकाळी तिने तो माझ्यापुढे ठेवला.

"परत कोणी पाठवला?"

"ऑफिसने."

"ऑफिसात कोणी?"

मी चहा ढवळला. त्यात साखर घातलेलीच नव्हती.

"सही ओळखीची दिसते," सरिता म्हणाली. मग तिने अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली. "दाखल्याचं मी बघते. तुमी आता कुठंच काय लिहू नका." दुसऱ्या दिवशी ती केंद्रात जाऊन आली आणि एवढंच म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, टाइम लागेल."

टाइम कुठे होता? रामनवमीला तीन दिवस उरले होते. देवळापुढे मांडव पडला होता, आणि त्यात वीणा ठेवायचा चौरंग येऊन बसला होता. जाता-येता माझी नजर त्या चौरंगावर जाई. तीस वर्षं मी त्या वीणेच्या मागे टाळ घेऊन उभा होतो. पुढे काय दिसतं, ते एकदा बघायचं होतं.

मी जैतूला निरोप धाडला. आता सांगायला लाज वाटते, पण मी त्याला म्हणालो, "जाळं घेऊन ये. सगळे ने. वाडीत वाट, नाहीतर बाजारात ने, मला सांगू नको. मी पाठ करून बसेन."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो आला. मी बांधावर तळ्याकडे पाठ करून बसलो. मागे जैतू जाळ्याच्या घड्या हातावर घेत होता, शिशाचे मणी एकमेकांवर वाजत होते. काहीतरी धरायला हवं म्हणून मी पिशवीत हात घातला, आणि हाताला टाळ लागले. सवयीने नाम सुरू झालं. पहिलंच आवर्तन चाललं असेल. मागे जाळ्याचा आवाज थांबला.

"भाऊ, जरा वळ."

मी वळलो. सगळं तळं माझ्या पायांशी आलं होतं. एकावर एक, काळ्या पाठी, आणि पाण्याबाहेर काढलेली शेकडो तोंडं. जैतूच्या हातात जाळं तसंच.

"एवडं सोपं काम मला जल्मात मिळालं नाय," तो म्हणाला. "म्हनून करत नाय. बापाने सांगितलेलं, जो हाक मारल्यावर येतो त्याच्यावर जाळं नाय टाकायचं."

"जैतू, मी बघत नाही रे."

"तू पाठ केलीस म्हनून त्यांना कळत नाय काय, टाळ कोनाचा हाय?"

त्याने जाळं खांद्यावर टाकलं आणि तो ओढ्याच्या वाटेने निघून गेला. इतकी वर्षं मी निरूपणं ऐकली. एकातही कोणी मला असं बांधावर बसवून कानाखाली वाजवली नव्हती. मी पिशवीतला सगळा कोंडा पाण्यात उपडा केला आणि तसाच देवळात गेलो.

"बाबा, वीणा नामाला द्या," मी म्हणालो. "तळं काही माझ्याच्याने मोकळं होत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नामा मात्र चटकन उठून वीणेवरची धूळ झटकायला लागला.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर बाबा काठी टेकत आमच्या बांधावर आले. "दाव तरी, काय येवडं सोन्याचं हाय ते." मी टाळ वाजवले. बाबा वाकून बराच वेळ बघत राहिले. मासे आले, गर्दी केली, तोंडांची उघडझाप करायला लागले. मी डोळे मिटून पुढच्या बोलण्याची वाट बघत होतो.

"तोंडं सगळ्यांचीच चालतात," बाबा म्हणाले. "आवाज एकाचा नाय. आपल्या मंडळाच्या मागच्या रांगेसारकं."

आणि काठी टेकत निघून गेले. त्यातून हो समजायचं की नाही, हे मला सरितालाही विचारून कळलं नाही.

रामनवमीला कलशपूजन झालं, जन्माचा गुलाल उधळला गेला. नामा नवं धोतर नेसून चौरंगाजवळ उभा होता. बाबांनी वीणा उचलली, नामाच्या समोरून चार पावलं चालत मागच्या रांगेत आले आणि ती माझ्या गळ्यात घातली. "एक पहर," ते म्हणाले. "नामाशिवाय तोंड उघडायचं नाय. आनि काय बी झालं तरी खाली ठेवायची नाय."

काय बी झालं तरी, हे त्यांनी का म्हणावं, कोण जाणे.

अर्धा पहर गेला असेल. माझे डोळे मिटलेले, तारेवर बोट, सगळं अंग हलकं. एवढ्यात मांडवाबाहेर जीप थांबली. पाठोपाठ दुसरी. समीक्षा मॅडम उतरल्या, त्यांच्यामागे सफारी घातलेले मोठे साहेब, त्यांच्यामागे फोटोवाला, आणि दोन शिपायांच्या हातात एक लांबलचक कापडी फलक. फलकावर पाण्यातून उडी मारणारा भलामोठा मासा, आणि त्याच्या पोटाशी अक्षरं: आदर्श मत्स्यपालक शेतकरी.

कारण अगदी सरळ होतं. पस्तीस तळी तपासली, चौतीस रिकामी निघाली. सत्कार करण्याजोगा मत्स्यपालक खात्याकडे सबंध भागात एकच उरला होता, आणि तो वीणा घेऊन उभा होता.

मला पळता येईना, बोलता येईना, वीणा ठेवता येईना. साहेब पुढे आले, चपला काढून वाकून नमस्कार केला, एवढं बरं केलं. मग म्हणाले, "वा. मासे रोज किती खाद्य घेतात?"

"रामकृष्णहरी," मी म्हणालो.

"काही अडचणी?"

"रामकृष्णहरी."

"फार साधा माणूस आहे," साहेब मॅडमना म्हणाले. त्यांनी माझ्या एका खांद्यावर शाल घातली. दुसऱ्या खांद्यावर, खात्यातर्फे सप्रेम भेट म्हणून, नायलॉनचं नवंकोरं मासे धरायचं जाळं. फोटोवाला म्हणाला, "काका, इकडे बघा." सगळा सप्ताह बघत होता. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, छातीवर वीणा, खांद्यावर जाळं. माझ्या पूर्वजांनी तो फोटो वरून पाहिला असेल तर त्यांनी काय समजूत करून घेतली असेल, याचा मी अजून विचार करतो.

नामा पुढे सरसावला. "बाबा, आता तरी वीणा माझ्याकडं द्या. इटाळ झाला."

काळूरामबाबा खुर्चीतून म्हणाले, "त्याने खाली ठेवली काय?"

"नाय, पन..."

"नामाशिवाय काय बोलला?"

"नाय."

"मंग हो मागं. आनि बुदवारी खुंटीला माळ कोनाची असते, ते मला दिसत नाय असं समजू नको. गुडघे गेलेत माजे, डोळे नाय गेले."

मागच्या रांगेचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. हसण्याचा.

तोवर समीक्षा मॅडमनी एक कागद काढून वाचायला घेतला होता. "...सबब हे तळे आजपासून प्रात्यक्षिक तळे म्हणून जाहीर करण्यात येत आहे. यातील मासे पुढील बीजासाठी राखीव राहतील. ते धरणे, विकणे किंवा खाणे यास सक्त मनाई आहे." वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली ती बायकांच्या बाजूला. तिथे सरिता परडीतली फुलं वेगळी करत होती. फुलं सगळी एकाच जातीची होती, तरी ती वेगळी करत होती. तेव्हा मला कळलं, दाखल्याला टाइम का लागला ते. मागे गुरुजींचा चेहरा पडलेला दिसला. गावात निदान वीस घरांत वाटलेला मसाला त्या क्षणी बरणीत परत गेला असावा.

आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. महाराजांनी त्याचा उल्लेख त्या रात्रीच्या कीर्तनात भक्तिभाव म्हणून केला. मी दुरुस्ती केली नाही. महाराज सकाळीच घंगाळाने आंघोळ करून खूश होते.

पुढे केंद्र बंद झालं. समीक्षा मॅडम बदलून रत्नागिरीकडे गेल्या, दिवाळीला कार्ड पाठवतात, त्यात आधी माशांची चौकशी असते आणि मग आमची. ती मनाई कोणीच उठवली नाही, कारण उठवायची कोणी हे कोणाला माहीत नाही. पहिला पहर माझाच आहे. जाळं सरिताने मिरच्यांच्या वाफ्यावर कोंबड्या येऊ नयेत म्हणून बांधलं.

काळूरामबाबा मात्र त्या वर्षापासून रोज पहाटे काकड्याला देवळात जायच्या ऐवजी माझ्या बांधावर येऊन बसायला लागले. मी एकदा विचारलं, "बाबा, देऊळ सोडून इथे?"

बाबांनी टाळ हातात घेतले आणि पाणी हलायची वाट बघितली.

"देवळात चारजनं येतात," ते म्हणाले, "नि चारी खोकतात."